इशारा आणि हूल

शत्रु वेशीशीं आला म्हणजे वेस लावून घ्यावी, हें सांगावयास इतिहासाची गरज नाहीं. इतिहासाची गरज पडते ती त्याच्या पुढच्या प्रश्नाला. वेशीशीं उभा असलेला मनुष्य शत्रु आहे कीं पाहुणा, हें ओळखावें कसें? आणि “सावध रहा” अशी हांक कानीं आली, तर ती खऱ्या पहारेकऱ्याची कीं चोराच्या साथीदाराची, हें ठरवावें कसें? खऱ्या हांकेला मराठींत इशारा म्हणतात आणि खोट्या हांकेला हूल म्हणतात. दोहोंचा आवाज पुष्कळदां सारखाच असतो. परिणाम मात्र अगदीं उलट असतात.

हा भेद आज घरोघरीं येऊन ठेपला आहे. बँकेचें, वीज कंपनीचें किंवा सरकारी कचेरीचें सोंग घेऊन कोणी मोबाईलवर संदेश धाडतो; त्यांतील दुव्यावर बोट ठेवलें कीं हुबेहूब बँकेसारखें दिसणारें संकेतस्थळ उघडतें; आणि तेथें लिहिलेला पासवर्ड थेट ठकाच्या हातीं पडतो. या ठकबाजीला ‘फिशिंग’ हें नांव आतां मराठींतही रूढ झालें आहे. पुष्कळ वेळां असें संकेतस्थळ उघडण्यापूर्वींच पडद्यावर तांबड्या रंगाची सूचना झळकते, कीं पुढचें स्थळ फसवें आहे, मागें फिरावें. ही सूचना येते कोठून, तिचा उपयोग किती, आणि ती देण्याची सोय असूनही माणसें कां फसतात, हें समजून घेण्यास एका किल्ल्याच्या इतिहासांतील तीन प्रसंग फार उपयोगी पडतात. तो किल्ला म्हणजे अहमदनगरचा भुईकोट. शहराला व जिल्ह्याला २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. परंतु हे प्रसंग जुन्या नांवाच्या काळांतले असल्यामुळें त्यांच्या वर्णनांत तेंच नांव ठेवणें सोयीचें आहे.

अहमदनगर शहर निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा यानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलें, आणि त्याचा नातू हुसेन निजामशहा यानें सोळाव्या शतकाच्या मध्यास किल्ल्याचा तट दगडी केला. या किल्ल्याला डोंगराचा आधार नाहीं. त्याचें बळ जाड तटांत, बुरुजांत व भोंवतालच्या खंदकांत. अशा किल्ल्याला मोठें भय असतें तें जमिनीखालून. तटाखालीं बोगदा खणून त्यांत दारू ठासावी व तिला बत्ती द्यावी, हा त्या काळच्या वेढ्यांतला नेहमींचा उपाय होता. त्यालाच सुरुंग म्हणत.

१५९५ सालीं इब्राहिम निजामशहा लढाईंत पडला आणि दरबारांत दुही माजली. दक्षिणी पक्षाचा पुढारी मियान मंजू यानें अहमद नांवाच्या एका मुलास गादीवर बसविलें. हा मुलगा राजवंशांतला आहे असें सांगण्यांत आलें होतें. पण तसा तो नाहीं असें उघडकीस येतांच हबशी सरदार बिघडले. पेंचांत सांपडलेल्या मियान मंजूनें गुजरातेंत असलेल्या अकबराच्या मुलास, म्हणजे शहाजादा मुराद यास, मदतीला बोलाविलें. मोंगलांना दक्षिणेंत उतरावयाचेंच होतें. त्यांना आयतें निमंत्रण मिळालें. मियान मंजूला पुढें पश्चात्ताप झाला, परंतु तोंपर्यंत मुराद व अब्दुर्रहीम खानखानान यांच्या फौजा अहमदनगरची वाट चालूं लागल्या होत्या. एक नकली वारस आणि आपल्याच हातानें उघडलेलें दार, या दोन गोष्टींपासून तें संकट निर्माण झालें, हें विसरतां कामा नये.

किल्ल्याचा कारभार चांदबिबीनें हातीं घेतला. ती हुसेन निजामशहाची मुलगी व विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. १५९५ च्या अखेरीस वेढा पडला. पुढच्या वर्षाच्या आरंभीं मोंगलांनीं तटाच्या एका बाजूच्या बुरुजांखालीं पांच सुरुंग नेले, त्यांत दारू भरली, तोंडें चुन्यानें व दगडांनीं बुजविलीं, वातीपुरती जागा मोकळी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं बत्ती द्यावयाचें ठरविलें. आंतल्या लोकांस याची गंधवार्ता नव्हती. मोंगलांच्या छावणींत ख्वाजा महंमदखान शिराझी नांवाचा एक गृहस्थ होता. किल्ल्यांतील लोकांचें धैर्य पाहून इतक्या शूर माणसांचा असा घात व्हावा हें त्याला सहन झालें नाहीं. अंधाऱ्या रात्रीं तो तटाशीं आला व त्यानें सुरुंगांची बातमी आंतल्या लोकांस सांगितली. ही हकीकत फिरिश्त्यानें आपल्या इतिहासांत दिली आहे. फिरिश्त्याचें बाळपण अहमदनगरच्या दरबारांतच गेलें होतें, आणि हा वेढा पडला तेव्हां तो विजापुरास होता.

बातमी आणणारा शत्रूच्या गोटांतला होता. त्याच्यावर विश्वास ठेवावा कीं न ठेवावा, याचा खल करीत रात्र घालविणें सहज शक्य होतें. चांदबिबीच्या लोकांनीं तें केलें नाहीं. त्यांनीं कुदळी घेतल्या आणि सांगितलेल्या जागीं आंतून खणावयास आरंभ केला. बातमी खोटी असती तर थोडी माती उकरली गेली असती, एवढेंच. पण ती खरी निघाली. उजाडेपर्यंत दोन सुरुंग निकामी झाले. तिसरा, सर्वांत मोठा, उकरण्याचें काम चाललें असतांना मुरादनें खानखानानास न कळवितां बत्ती दिली. खणणारे कित्येक लोक जागींच ठार झाले व तटाला मोठें खिंडार पडलें. पुष्कळ लोकांची गाळण उडाली. परंतु चांदबिबी बुरखा घेऊन, हातांत नागवी तरवार घेऊन खिंडारांत येऊन उभी राहिली. मोंगलांची हल्ला करणारी तुकडी इतर सुरुंग उडण्याची वाट पाहत थांबली, आणि तेवढ्या अवधींत आंतले लोक सावरले. दिवसभर झुंज झाली. रातोरात खिंडार पुन्हां भरून काढण्यांत आलें. अखेर वऱ्हाड प्रांत देऊन तह झाला व वेढा उठला.

या इशाऱ्याचे गुण नीट पाहण्यासारखे आहेत. तो वेळेवर आला. धोका कोठें आहे हें त्यानें नेमकें सांगितलें. ऐकणाऱ्याला तो खणून पडताळून पाहतां आला. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे इशारा देणाऱ्यानें किल्ल्याची किल्ली मागितली नाहीं, पैसा मागितला नाहीं, दरवाजा उघडा असेंही म्हटलें नाहीं. जें सांगावयाचें तें सांगून पुढची करणी त्यानें ऐकणाऱ्यावर सोंपविली. तरीही तिसरा सुरुंग उडालाच. म्हणजे इशारा मिळाल्यानें सर्व संकट टळतें असें नाहीं. तें सोसण्याजोगें होतें, आणि पुष्कळ वेळां तेवढेंच पुरेसें असतें.

चारच वर्षांनीं, १६०० सालीं, त्याच किल्ल्यांत दुसरी हांक उठली. शहाजादा दानियाल व खानखानान यांनीं पुन्हां वेढा घातला होता. किल्ल्यांत फूट पडली होती व बाहेरून कुमक येण्याची आशा राहिली नव्हती. अशा स्थितींत सन्मानानें किल्ला सोडून बाल राजासह जुन्नराकडे निघून जावें, असा विचार चांदबिबीनें हमीदखान नांवाच्या अंमलदाराजवळ बोलून दाखविला. ती सल्लामसलत होती. हमीदखान रस्त्यांत धांवला आणि चांदबिबी मोंगलांशीं संधान बांधून किल्ला त्यांच्या हवालीं करीत आहे, असें ओरडत सुटला. ऐकणाऱ्यांपैकीं कोणी थांबला नाहीं, कोणी विचारलें नाहीं. जमाव तिच्या महालांत शिरला व तिला ठार करण्यांत आलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरुंग उडवून मोंगलांनीं किल्ला घेतला. जिनें एकदां किल्ला राखला होता, तिला किल्ला वांचविण्याच्या नांवाखालीं किल्ल्यांतल्याच लोकांनीं मारलें.

हूल कशी असते याचा हा नमुना आहे. ती सर्वस्वी खोटी नव्हती; चांदबिबीच्या मनांत तहाचा विचार होताच. त्या अर्ध्या सत्याला विश्वासघाताचा रंग दिला गेला. धोका फार मोठा व अगदीं जवळ आला आहे असें भासविण्यांत आलें, म्हणून विचार करावयास वेळच उरला नाहीं. आणि १५९६ च्या इशाऱ्यानें जें केलें नव्हतें तें या हुलीनें केलें: ऐकणाऱ्याला एक विशिष्ट कृत्य तत्काळ करावयास भाग पाडलें, आणि तें कृत्य त्याच्या स्वतःच्या रक्षकाविरुद्ध होतें.

तिसरा प्रसंग दोनशें वर्षांनंतरचा. त्याचा आरंभ पुण्यास झाला, पण शेवट या किल्ल्यांत. नाना फडणविसांसारखा सावध मनुष्य मराठेशाहीच्या उत्तरकाळांत दुसरा दाखवितां येणार नाहीं. त्यांचीं बातमीपत्रें दरबारोदरबारहून येत. कोठें काय शिजत आहे हें त्यांना घरबसल्या कळे. १७९७ च्या ३१ डिसेंबरला ते दौलतराव शिंद्यांच्या छावणींत औपचारिक भेटीसाठीं गेले. शिंद्यांच्या पलटणींचा नेपल्सकडील अधिकारी मायकेल फिलोज यानें, नाना सुखरूप परत येतील असें वचन दिलें होतें. गोऱ्या अधिकाऱ्याचा शब्द म्हणजे मोहोर केलेला कागद, अशी त्या वेळीं समजूत होती. त्याच फिलोजनें नानांना छावणींत कैद केलें. बरोबरचे लोक पांगले, पुण्यांत रात्रभर लूट व गोळीबार चालला, आणि नानांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यांत झाली. तो तेव्हां शिंद्यांच्या ताब्यांत होता. १७९८ च्या जुलैमध्यें १० लक्ष रुपये देण्याचें कबूल करून ते सुटले.

नानांस फसविणारा मनुष्य वेष पालटून आला नव्हता. फिलोज हा खरोखरीच फिलोज होता, त्याचा हुद्दा खरा होता आणि वचनही त्याच्याच तोंडचें होतें. खोटा होता तो हेतु. शिक्का खरा असला म्हणजे शिक्का मारणाऱ्याचें मन खरें असतें असें नाहीं, आणि सर्वांत जाणता मनुष्यदेखील ओळखीच्या खुणेवर विसंबून एक दिवस बेसावध राहूं शकतो. फसणारा मनुष्य मूर्खच असला पाहिजे, ही समजूत या एका प्रसंगानें निकालांत निघावयास हवी.

किल्ल्यांतून गांवाकडे वळलें तर इशाऱ्याची व्यवस्था अधिक साधी पण अधिक नियमित दिसते. जुन्या महाराष्ट्रांतील गांवास वेस असे व वेशीवर वेसकर असे. दिवेलागणीनंतर वेस बंद होई. अवेळीं आलेल्या परक्याची चौकशी करून वेसकर पाटलास वर्दी देई. त्याच्या डोळ्यांत गांवच्या व पंचक्रोशीच्या माणसांची जणूं यादीच असे. संशयित मनुष्य दिसला कीं त्याची खबर शेजारच्या गांवींही पोंचे. या व्यवस्थेचें मर्म असें कीं प्रत्येक घरानें रात्रभर जागावयाचें नाहीं. एकानें जागावें व सर्वांस कळवावें. मात्र घरांतल्यानेंच मागचें दार उघडून दिलें तर वेसकर काय करणार, ही तिची मर्यादाही तेव्हांपासूनच होती.

इंटरनेटवर नेमकी हीच व्यवस्था हळूहळू उभी करावी लागली. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ‘अमेरिका ऑनलाईन’ या कंपनीचे लक्षावधि वर्गणीदार होते. कंपनीचे नोकर असल्याची बतावणी करून कांहीं ठक त्यांच्याजवळ पासवर्ड मागूं लागले. १९९६ च्या सुमारास ‘फिशिंग’ हा शब्द याच मंडळींत प्रचारांत आला. त्यावर कंपनीनें संदेशांच्या चौकटींतच एक ओळ छापली, कीं कंपनीचा कोणीही नोकर पासवर्ड विचारणार नाहीं. या प्रकारच्या अगदीं आरंभींच्या सूचनांपैकीं ती एक. पण रोज डोळ्यांपुढें असलेली ओळ कोणी वाचीत नाहीं. देवळाच्या भिंतीवरची “चपलांची जबाबदारी ज्याची त्यानें घ्यावी” ही पाटी जशी नजरेस पडूनही दिसत नाहीं, तशी तिची गत झाली.

पुढें ठकांनीं बँकांकडे मोर्चा वळविला. भारतांत हा प्रश्न लौकरच न्यायालयापुढें आला. ‘नॅसकॉम’ या संगणक-उद्योगांच्या संघटनेच्या नांवानें पत्रें पाठवून लोकांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणीं दिल्ली उच्च न्यायालयानें २००५ च्या मार्चमध्यें निकाल दिला. त्यांत फिशिंग हा बेकायदा प्रकार असल्याचें स्पष्ट केलें आणि ठरलेल्या तडजोडीप्रमाणें १६ लक्ष रुपये भरपाई मान्य झाली. त्या वेळीं या गुन्ह्यास स्वतंत्र कलम नव्हतें. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ सालीं दुरुस्ती होऊन ६६-ड हें कलम आलें. संगणकाच्या साह्यानें दुसऱ्याचें सोंग घेऊन फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लक्ष रुपयांपर्यंत दंड त्यांत सांगितला आहे.

परंतु कायदा चोरी झाल्यानंतर येतो. चोरीपूर्वीं जागा करणारा वेसकर हवा होता, आणि तो २००६ च्या ऑक्टोबरमध्यें आला असें म्हणावयास हरकत नाहीं. मायक्रोसॉफ्टचा ‘इंटरनेट एक्स्प्लोरर ७’ व मोझिलाचा ‘फायरफॉक्स २’ हे दोन ब्राउझर त्याच महिन्यांत बाहेर पडले व दोहोंतही फसव्या संकेतस्थळांविषयीं सावध करण्याची सोय होती. नागरिकांनीं संशयित स्थळें कळवावींत व इतरांनीं तीं पडताळावींत यासाठीं ‘फिशटँक’ नांवाची सार्वजनिक यादीही त्याच महिन्यांत सुरू झाली. वेसकराची यादी आतां पृथ्वीभरची झाली.

या यादीचें काम कसें चालतें, हें समजण्यास अवघड नाहीं. मोठ्या कंपन्यांचे संगणक रात्रंदिवस संकेतस्थळें तपासतात. शिवाय लोकही तक्रारी करतात. एखादें स्थळ फसवें ठरलें कीं त्याच्या पत्त्यापासून गणितानें एक लांबलचक अंक काढतात. माणसाचा अंगठ्याचा ठसा तसा हा पत्त्याचा ठसा. गूगलच्या योजनेंत अशा ठशांचा केवळ पहिला तुकडा वाचकाच्या यंत्रांत ठेवला जात असे. उघडावयाच्या पत्त्याचा तुकडा त्याच्याशीं जुळला, तरच पूर्ण ठसा मुख्य ठिकाणीं विचारावयाचा आणि तोही जुळला कीं तांबडें पान पुढें करावयाचें. त्यामुळें कोण कोठें जातो याची सर्व हकीकत कंपनीला सांगावी लागत नसे. मात्र ठकही वेगवान झाले. फसवीं स्थळें सरासरी दहा मिनिटेंही टिकत नाहींत, असें गूगलनें २०२४ च्या मार्चमध्यें सांगितलें. यंत्रांतली यादी तर अर्ध्या ते एक तासानें ताजी होई. म्हणून त्या महिन्यापासून क्रोम ब्राउझर नवख्या पत्त्याची विचारणा त्याच क्षणीं करूं लागला, आणि तीही पत्ता उघड न करतां. उजाडण्यापूर्वीं सुरुंग सांपडला तरच उपयोग, हें १५९६ चें सत्य येथेंही लागू पडलें.

आतां प्रश्न असा कीं लोक या सूचना ऐकतात काय? अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००८ सालीं ६० माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना बनावट पत्रें पाठविण्यांत आलीं, आणि त्यांतील ९७ टक्के लोक निदान एका पत्राला तरी भुलून दुव्यापर्यंत गेले. पुढें ज्यांच्या वाटेंत सूचना आडवी येऊन उभी राहिली व उत्तर दिल्यावांचून पुढें जाऊं देईना, त्यांपैकीं ७९ टक्के लोक मागें फिरले. ज्यांना नुसती बाजूला डोकावणारी सूचना दाखविली, त्यांत वांचणारांचें प्रमाण अवघें १३ टक्के होतें. याचा अर्थ उघड आहे. भिंतीवरच्या पाटीनें मनुष्य थांबत नाहीं. वेशींत काठी आडवी धरणाऱ्या वेसकरामुळें थांबतो. या दिशेनें ब्राउझर सुधारत गेले. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणींत क्रोम व फायरफॉक्स यांनीं दाखविलेल्या अडीच कोटींहून अधिक सूचनांचा हिशेब होता. फसव्या व घातक स्थळांविषयींची सूचना डावलून पुढें जाणारे लोक त्यांत चतुर्थांशाहून कमी भरले. म्हणजे सूचना कोणी ऐकतच नाहीं, हा समज खरा नव्हे.

त्याच पाहणींत एक उलट गोष्टही दिसली. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रांतील दोषाविषयीं क्रोम जी निराळी सूचना देई, ती डावलणारे लोक सुमारें ७० टक्के होते. अशा सूचना वारंवार येत, आणि पुष्कळ वेळां त्यांच्या मागें खरा धोका नसे. दर घटकेला “वाघ आला” म्हणून ओरडणाऱ्या गुराख्याची गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. पहारेकऱ्यानें गप्प राहणें जितकें वाईट तितकेंच कारणाशिवाय ओरडणें वाईट, कारण त्यामुळें खऱ्या इशाऱ्याची किंमत उतरते.

ओळखीच्या खुणेवर विसंबण्याचा धोकाही या नव्या जगांत जसाच्या तसा आला. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारीं लहानसें कुलूप दिसलें म्हणजे स्थळ सुरक्षित, असें वर्षानुवर्षें शिकविलें गेलें. वास्तविक तें कुलूप एवढेंच सांगे कीं वाटेंत कोणी मजकूर चोरून वाचणार नाहीं. ज्या घरीं मजकूर पोंचतो तेथला धनी सज्जन आहे कीं नाहीं, हें त्याला ठाऊक नसे. ठकांनींही आपल्या स्थळांना कुलुपें लावलीं. फिलोजच्या वचनासारखेंच हें झालें. खूण खरी, हेतु खोटा. शेवटीं २०२३ च्या सप्टेंबरमध्यें क्रोमनें तें चिन्ह पत्त्याशेजारून काढून टाकलें. खूण अधिक भरंवशाची करण्याचा एक प्रयत्न भारतांतही झाला. बँकांनीं आपलीं संकेतस्थळें ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नांवाखालीं आणावींत असा आदेश रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं दिला व त्यासाठीं ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठरविली. हें नांव बँकेवांचून दुसऱ्यास मिळत नाहीं. त्याचा लाभ मात्र पत्ता वाचणाऱ्यालाच होणार.

यापुढचा धोका सर्वांत सूक्ष्म आहे, आणि तो १६०० सालच्या हुलीचा थेट वंशज आहे. ठकांनीं ओळखलें कीं लोक आतां इशाऱ्यांना मान देतात; म्हणून त्यांनीं इशाऱ्याचेंच सोंग घेतलें. “मागचें बिल भरलें गेलें नाहीं, आज रात्रीं साडेनऊ वाजतां वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर बोला,” असे संदेश २०२२ सालीं महाराष्ट्रभर फिरले व महावितरणला ग्राहकांस सावध करावें लागलें. “आपलें खातें बंद होत आहे,” “आपल्या नांवच्या पार्सलांत अमली पदार्थ सांपडले,” अशा हुली निघाल्या. पोलिसाचा वेष घालून व्हिडिओवर बसलेले ठक ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देऊं लागले. कोणत्याही कायद्यांत अशी अटक नाहीं. पंतप्रधानांनीं २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्यें हेंच सांगून, थांबावें, विचार करावा व मग कृति करावी, असा सल्ला दिला.

अशा संदेशांपुढें ब्राउझरचें तांबडें पान पुष्कळदां लंगडें पडतें. फोनवर बोलणाऱ्या माणसाचा ठसा कोणत्याही यादींत नसतो, आणि स्वतःच्या तोंडानें सांगितलेला ओटीपी कोणत्याही वेशीवर अडत नाहीं. शिर्डीस दर्शनाला येणारा यात्रेकरू घाईनें खोली शोधतो. पाथर्डीचा किंवा संगमनेरचा शेतकरी पीकविम्याच्या पैशाची वाट पाहत असतो. पेन्शनीवर राहणारी वृद्ध बाई खातें बंद होण्याच्या कल्पनेनें गांगरते. घाई, आशा व भीति हींच मागचीं दारें. तीं आंतून उघडलीं जातात.

तेव्हां इशारा व हूल यांतला भेद ओळखण्याची खूण कोणती? किल्ल्याच्या इतिहासांत ती स्पष्ट आहे. ख्वाजा महंमदखानानें कांहीं मागितलें नाहीं. त्यानें धोक्याची जागा दाखविली व ती तपासून पाहण्यास वाव ठेवला. हमीदखानानें तपासून पाहूं दिलें नाहीं. त्यानें तत्काळ करावयाचें कृत्य सांगितलें. ब्राउझरचा खरा इशारा पहिल्या जातीचा असतो. तो फक्त म्हणतो कीं येथें जाऊं नये, मागें फिरावें. तो फोन करावयास सांगत नाहीं, आंकडा विचारीत नाहीं, पैसे भरावयास लावीत नाहीं, यंत्रांत नवें अ‍ॅप घालण्याचा आग्रह धरीत नाहीं. त्याचें ऐकून कांहीं केलें नाहीं तरी नुकसान होत नाहीं. हूल मात्र नेहमीं कांहीं तरी करावयास सांगते, आणि आत्तांच करावयास सांगते. जी सूचना थांबविते ती बहुधा इशारा, व जी धांवडविते ती बहुधा हूल, एवढा एक नियम मनांत धरला तरी पुष्कळ संकटें टळतील.

कुदळीनें खणून पाहण्याला आजही पर्याय नाहीं. फक्त कुदळ बदलली आहे. बँकेकडून संदेश आला तर त्यांतील दुवा न उघडतां बँकेचा पत्ता स्वतः लिहून जावें, किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरावर विचारावें. वीज तुटणार म्हणून कळलें तर जवळच्या कचेरींत चौकशी करावी. तांबडें पान आलें तर तें कंटाळून डावलूं नये. आणि इतकें करूनही एखादा सुरुंग उडालाच, तर लाजेनें गप्प बसूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविलें तर पैसे पुढें जाण्यापूर्वीं अडविण्याची संधि असते. जितका उशीर तितकी ती कमी. फसलेल्या माणसास घरच्यांनीं बोल लावला, तर तो पुढच्या वेळीं सांगणारच नाहीं, आणि खिंडार रातोरात बुजविण्याची वेळ निघून जाईल. घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या हातीं नवा फोन देतांना त्यावर चित्रें कशीं पाहावींत हें आपुलकीनें शिकविलें जातें. त्याच बैठकींत तांबडें पान कसें दिसतें, बँकेचा खरा पत्ता कोणता, आणि घाई करणाऱ्या माणसाला “विचारून सांगतों” असें कसें म्हणावें, हेंही शिकविलें पाहिजे.